पत्त्यांच्या कॅटवर दोघांचं बुद्धिबळ: नियम पक्के करायचे आहेत

तिसरी_पट्टी

नमस्कार मंडळी. ५२ पानांच्या साध्या कॅटवर दोघांसाठी बुद्धिबळाचा खेळ बसवायचा आहे. पट नको, सोंगट्या नकोत, फक्त पत्ते. आणि हार-जीत डोक्यावर ठरावी, पानं कशी आली त्यावर नाही. सध्याचा कच्चा आराखडा असा:

प्रत्येकाकडे बुद्धिबळाइतकीच १६ पानं. एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, आठ प्यादी. आपापली १६ पानं पिसून गड्डी पालथी ठेवायची आणि वरची पाच हातात घ्यायची. दोघांनी एकेक पान पालथं टाकून एकदम उघडायचं. मोठं मोहरं लहान मोहऱ्याला मारतं. गुण नेहमीचेच: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. टाकलेल्या पानाच्या जागी गड्डीतून नवं पान घ्यायचं. राजा मारला गेला की डाव संपला. वजिराचं फार चालू नये म्हणून प्यादं वजिराला मारतं, एवढा एक अपवाद.

अडतंय ते इथे. एकाच्या हातात पहिल्याच पाचांत वजीर आणि दोन्ही हत्ती येतात, दुसऱ्याकडे नुसती प्यादी. राजा तर शेवटपर्यंत कोणी हातातून काढतच नाही. घोडा आणि उंट यांच्यात काहीच फरक उरत नाही. आणि एकदम उघडण्यामुळे सगळा डाव अंदाजाचा होतो. प्याद्याची बढती (शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचं मोठं मोहरं होणं), किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) हेही घालायचं मनात आहे. नियम कुठे आणि कसे बदलावेत?

---

दश्शी

तुमच्या आराखड्यातल्या चारही अडचणींचं मूळ एकच आहे. मोहऱ्यांना तुम्ही फक्त ताकद दिली आहे, पोच दिलेली नाही. बुद्धिबळात प्यादंसुद्धा वजिराला मारतं आणि त्यासाठी वेगळा अपवाद लागत नाही. तिथे कोणीही कोणालाही मारू शकतं. प्रश्न एवढाच असतो की त्या घरापर्यंत कोण पोचतं, आणि मारल्यावर उलट मार बसला तर काय गमवावं लागतं. लहान-मोठ्याची उतरंड काढून टाका आणि घरं आणा, म्हणजे बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसेल.

पानांची वाटणी अशी करा. एकाकडे इस्पिक आणि बदाम, दुसऱ्याकडे किलवर आणि चौकट. काळे एकाला आणि लाल दुसऱ्याला अशी वाटणी करू नका, कारण प्रत्येकाला एक काळा आणि एक लाल उंट हवा आहे.

एक्के म्हणजे हत्ती, गुलाम म्हणजे घोडे, दश्श्या म्हणजे उंट. दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, दोन्ही रंगांची मिळून आठ प्यादी. राजा आणि वजीर काळ्या पानांतून घ्या: इस्पिकचा राजा आणि राणी एकाला, किलवरचा राजा आणि राणी दुसऱ्याला. ही झाली ३२ पानं.

आता घरं. इस्पिक आणि बदामच्या छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी आठ पानं मधोमध उघडी मांडा. चार काळी घरं, चार लाल घरं. घराचे गुण पानावर असतील तेवढे, म्हणजे सगळे मिळून ६०. राहिलेली १२ पानं (किलवर-चौकटच्या छक्की ते नव्वी, लाल राजे, लाल राण्या) खेळाबाहेर.

पिसणं नाही, गड्डी नाही. सगळी १६ पानं पहिल्यापासून हातात. काय पडलं ते समोर दिसतंच, म्हणजे समोरच्याच्या हातात काय उरलं आहे ते मोजता येतं. हवं तर पानं उघडीच मांडून खेळा, काही बिघडत नाही. नशिबाचा प्रश्न इथेच संपला.

खेळण्याची रीत:

ज्याची उतारी असेल तो एक मोकळं घर निवडतो आणि त्यावर आपलं एक पान ठेवतो. समोरचा दोनपैकी एक करतो: ते पान मारून आपलं पान तिथे ठेवतो, किंवा घर सोडतो. मारलं तर पहिल्याने पुन्हा मारायचं किंवा सोडायचं. असं आळीपाळीने, कोणीतरी सोडेपर्यंत. शेवटचं पान ज्याचं, घर त्याचं. मारलेली पानं मारणाऱ्याच्या ढिगात जातात आणि डाव संपल्यावर त्यांचे गुण मोजायचे. शेवटी उभं राहिलेलं पान घरावरच राहतं, हातात परत येत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. परत आलं तर वजीर प्रत्येक घरावर फिरत राहील.

कोण कुठे पोचतं:

प्यादी एका घरावर प्रत्येकी जास्तीत जास्त दोन. पटावरही एका घरावर एका बाजूच्या दोनच प्याद्यांचा मार असू शकतो, म्हणून ही मर्यादा ओढूनताणून आणलेली वाटत नाही. घोडा कुठल्याही घरावर, केव्हाही. उंट फक्त आपल्या रंगाच्या घरावर: काळी दश्शी काळ्या घरावर, लाल दश्शी लाल घरावर. हत्ती आणि वजीर त्या घरावर एक तरी प्यादं मारलं गेल्यानंतरच. तोपर्यंत ते घर बंद. पटावर प्यादी हटून उभी पट्टी मोकळी झाल्याशिवाय हत्तीला काम नसतं, तेच इथे. वजीर तिरकाही चालतो हे खरं, पण त्याला बंद घरावर सोडलं तर तो फारच भारी पडतो. त्याला हत्तीबरोबरच ठेवा.

राजा सगळ्यात वेगळा. त्या घरावर पोचू शकेल असं एकही पान समोरच्याच्या हातात उरलं नसेल तेव्हाच राजा ठेवता येतो. (समोरच्याचा राजा यात धरायचा नाही, नाहीतर दोन्ही राजे कायमचे हातातच अडकतील.) म्हणजे राजा कधीच मारला जात नाही. तो आला की ते घर पक्कं झालं.

आणि आता ज्यावर सगळा तोल उभा आहे तो नियम: घर जिंकणाऱ्याने पुढची उतारी करायची, आणि उतारी सक्तीची. बळ सारखं असेल तर उतारी करणारा तोट्यात असतो, कारण उत्तर देणाऱ्याला शेवटचं पान टाकायला मिळतं. उतारी हरणाऱ्याकडे दिलीत तर हरणारा हरतच जाईल. जिंकणाऱ्याकडे दिली की तराजू सरळ होतो. सक्ती का, तर बुद्धिबळात चाल सोडता येत नाही म्हणून. इथे उतारी सोडायची मुभा दिली तर दोघेही एकमेकांकडे बघत बसतील. पास फक्त उत्तर देताना.

आठही घरं संपली, किंवा दोघांपैकी कोणालाच उतारी करता येईना, की डाव संपला. उरलेली घरं कोणाचीच नाहीत.

---

सव्वाशे_चाली

दश्शी यांनी मांडलेला सांगाडा चांगला आहे. राजाला घर पक्कं करणारं पान केलं हे विशेष आवडलं, कारण पटावरही वजीर-हत्ती गेल्यावरच राजा पुढे येतो आणि घरं धरतो.

नव्याने खेळणाऱ्याला मोजणी कशी करायची ते कळलं नाही तर हा खेळ आंधळ्या मारामारीसारखा वाटेल, म्हणून एक पूर्ण उदाहरण देतो.

घर बदामची अठ्ठी, म्हणजे लाल. उतारी इस्पिकवाल्याची. त्याच्या हातात तीन प्यादी, एक घोडा, लाल उंट, दोन हत्ती, वजीर, राजा. किलवरवाल्याकडे दोन प्यादी, दोन घोडे, काळा उंट, एक हत्ती, वजीर, राजा.

आधी मोजा. राजा सोडून इस्पिकवाल्याची या घरावर पोचणारी पानं: प्यादी २ (तिसरं मर्यादेबाहेर), घोडा १, उंट १, हत्ती २, वजीर १. एकूण ७. किलवरवाल्याची: प्यादी २, घोडे २, हत्ती १, वजीर १. एकूण ६. काळा उंट लाल घरावर निरुपयोगी.

आता प्रत्यक्ष. इस्पिकचं प्यादं पडलं. किलवरने प्याद्याने मारलं, गुण १–० (आधी किलवरचे). घर उघडलं. इस्पिकने प्याद्याने मारलं, १–१. किलवरचं दुसरं प्यादं, २–१. इस्पिकची प्यादी संपली, घोड्याने मारलं, २–२. किलवरचा घोडा त्या घोड्याला, ५–२. इस्पिकचा उंट, ५–५. किलवरचा दुसरा घोडा, ८–५. इस्पिकचा हत्ती, ८–८. किलवरचा हत्ती, १३–८. इस्पिकचा दुसरा हत्ती, १३–१३.

इथे किलवरवाल्याने थांबून विचार करायला हवा. हातात वजीर, काळा उंट आणि राजा. राजा ठेवता येत नाही, कारण समोर वजीर शिल्लक आहे आणि घर उघडं आहे. वजिराने हत्ती मारला तर १८–१३ होतात खरे, पण मग किलवरवाल्याकडे या घरावर पोचणारं काहीच उरत नाही. इस्पिकवाला राजाने वजीर मारतो: ९ गुण वजिराचे, ८ घराचे, म्हणजे १८–३०. वर त्याचा स्वतःचा वजीर हातात शाबूत. तेच किलवरवाल्याने १३–१३ वर घर सोडलं असतं तर १३–२१. फरक बाराऐवजी आठ, आणि वजीर हातात.

याच उदाहरणात इस्पिकवाल्याकडूनही चूक होऊ शकते. शेवटी राजाऐवजी वजिराने वजीर मारला, तर त्याच्याकडे पोचणारं काही उरत नाही. (तिसरं प्यादं आहे, पण दोनची मर्यादा संपली.) मग किलवरचा राजा येतो, ९ अधिक ८ घेऊन जातो, आणि आकडा ३५–२२ असा उलटा फिरतो. राजा ठेवता येत असेल तर वजीर खर्च करायचा नाही, हे अंगवळणी पडायला हवं.

यातून मोजणीचा साधा नियम निघतो. दोन्ही राजे हातात असतील तर राजा सोडून पोचणारी पानं मोजा. उतारी करणाऱ्याची जास्त असतील तर घर त्याचं, सारखी किंवा कमी असतील तर उत्तर देणाऱ्याचं. एकाचा राजा आधीच खर्च झाला असेल तर शेवटच्या पानाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आणि हे झालं शेवटपर्यंत लढल्यास. मधे कुठे थांबायचं ते निराळं.

मारताना स्वस्तातलं पान आधी टाकायचं, हे सांगायला नको. पण एक अपवाद लक्षात ठेवा. लाल घरांतलं हे शेवटचंच घर असेल, तर लाल उंटाला त्यानंतर काहीच काम उरत नाही. तेव्हा घोड्याच्या आधी उंट टाका. गुण दोघांचे ३ असले तरी घोडा पुढे कुठेही चालेल, उंट चालणार नाही.

---

पालथं_पान

एक-दोन मुद्द्यांवर माझं मत वेगळं आहे.

एकदम उघडण्याला तुम्ही सगळे नशीब म्हणताय, ते पटत नाही. गूफस्पील हा दोघांचा जुना खेळ घ्या. प्रत्येकाकडे एका रंगाची तेरा पानं, तिसऱ्या रंगाची तेरा बक्षिसं म्हणून एकेक उघडायची आणि दोघांनी एकदम बोली लावायची. दोघांकडे पानं अगदी सारखी. त्यात जो बक्षिसाइतकीच बोली लावत राहतो (पंजीला पंजी, राजाला राजा) त्याला हरवायला प्रत्येक वेळी एक पान वरचं टाका आणि राजाच्या बक्षिसाला एक्का फेकून द्या. एक्का १ आणि राजा १३ धरला तर १३ गुण जातात आणि बाकीचे ७८ येतात. हे समोरच्याची सवय ओळखणं झालं, नशीब नाही.

तिसरी_पट्टी यांच्या आराखड्यात खरा दोष गड्डीतून पान ओढण्याचा होता. एकदम उघडण्याचा नव्हता. म्हणून ज्यांना थोडा डाव-पेच हवा आहे त्यांच्यासाठी एक पर्याय सुचवते: उतारीचं पहिलं पान पालथं ठेवायचं. समोरच्याने "मारतो" किंवा "सोडतो" सांगायचं, "मारतो" म्हटलं तर आपलंही पान पालथं ठेवायचं आणि मग दोन्ही उघडायची. त्यानंतरची पानं उघडीच. प्यादं समजून घोडा टाकला आणि उतारी उंटाची निघाली तर घोडा जास्तीचा खर्च झाला असं नाही, पण घर बंदच राहतं आणि हत्ती-वजीर बाहेर राहतात. तिथे सगळं गणित फिरतं.

या पर्यायात एक काळजी घ्या. पालथं पान उघडल्यावर नियमबाह्य निघालं, म्हणजे चुकीच्या रंगाचा उंट किंवा बंद घरावर हत्ती, तर ते पान समोरच्याच्या ढिगात जातं आणि घरही त्याचं. दंड नसेल तर लोक मुद्दाम अशी पानं टाकून बघतील.

दुसरा मुद्दा राजाचा. शेवटपर्यंत राजा ठेवताच आला नाही तर काय? माझ्या मते ती मात धरावी आणि डाव सरळ हरला असं ठरवावं. नाहीतर बुद्धिबळाचं नाव कशाला?

---

दश्शी

पालथ्या उतारीचा पर्याय चांगला आहे, नियमात घेण्यासारखा आहे. फक्त त्यात राजाची उतारी उघडीच असावी. राजा ठेवणं कायदेशीर आहे की नाही ते दोघांना लगेच पाहता आलं पाहिजे.

मात धरण्याबद्दल मात्र मी सहमत नाही, आणि कारण घोड्यात आहे. घोडा काळ्या-लाल, उघड्या-बंद, कुठल्याही घरावर पोचतो. म्हणजे तुमच्या हातात एक घोडा शिल्लक आहे तोवर समोरच्याचा राजा कुठेच बसू शकत नाही. राजा न बसणं म्हणजे थेट हार असं केलंत, तर दोघेही एकेक घोडा शेवटपर्यंत दाबून ठेवतील आणि आठ घरांच्या ६० गुणांना काही अर्थच राहणार नाही. सगळा डाव शेवटच्या घरावर कोणाची उतारी येते एवढ्यावर येऊन थांबेल.

त्याऐवजी दंड ठेवा: राजा हातात राहिला तर समोरच्याला ४ गुण. आकडा मनाला आला म्हणून घेतलेला नाही. डावाच्या शेवटच्या टप्प्यात राजाची लढण्याची ताकद साधारण चार प्याद्यांएवढी धरतात, घोड्या-उंटापेक्षा किंचित जास्त. ४ गुणांच्या दंडात घोडा दाबून ठेवणं हा निर्णय होतो, सक्ती होत नाही. नव्वीच्या घरासाठी घोडा टाकायचा आणि राजाला वाट द्यायची, की घर सोडून राजा कोंडायचा? हा प्रश्न दर डावात येतो आणि उत्तर दर वेळी वेगळं असतं.

किल्लेकोट घालू नका. इथे राजाला लपायला जागा लागतच नाही, तो हातात सुरक्षित आहे. आँ पासाँही (दोन घरं पुढे गेलेल्या प्याद्याला प्याद्याने जाता-जाता मारणं) नको.

बढती घालता येते, पण मोजून. नव्वीच्या घरावर तुमचं प्यादं शेवटचं उभं राहिलं तर समोरच्याच्या ढिगातलं आपलं एक मोहरं हातात परत घ्यायचं. प्यादं घरावरच राहतं. समोरच्याचे गुण कमी होत नाहीत, म्हणून त्या पानाचे गुण कागदावर लिहून मगच पान उचला. नव्व्या दोनच आहेत, म्हणजे पूर्ण डावात फार तर दोन बढत्या. हा नियम आला की नव्वीवर पहिल्याच उतारीला प्यादं टाकणं म्हणजे एक धमकी होते, पण तेव्हा ढीग रिकामे असतात. बढतीचा खरा फायदा मध्यानंतर, एखादा हत्ती किंवा वजीर पडल्यावर. म्हणून दोन प्यादी उशिरापर्यंत राखून ठेवणं शहाणपणाचं.

---

तिसरी_पट्टी

मनापासून आभार. घर बंद-उघडं असण्याची कल्पना फारच आवडली. काही शंका.

१. उतारी माझी आहे आणि हातात फक्त हत्ती, वजीर आणि राजा आहेत. घरं सगळी बंद. काय करायचं?

२. दोन प्याद्यांची मर्यादा मोजताना मारली गेलेली प्यादी धरायची का?

३. घर उघडायला माझं प्यादं मारलं जावं लागतं की कोणाचंही?

४. पहिली उतारी कोणाची? उतारीत तोटा असेल तर पहिल्या डावापासूनच एकावर अन्याय होतो.

---

सव्वाशे_चाली

१. नवं घर नेहमी बंदच असतं, म्हणून हत्ती किंवा वजिराने उतारी कधीच होत नाही. राजा कायदेशीर ठेवता येत असेल तर ठेवावाच लागेल, उतारी सक्तीची आहे. तेही जमत नसेल तर उतारी समोरच्याकडे जाते. त्यालाही जमलं नाही तर डाव संपला. हातात राहिलेल्या हत्ती-वजिराचे गुण कोणालाच नाहीत.

नवखा खेळाडू नेमका इथेच फसतो. सुरुवातीच्या चार घरांवर दोन-दोन प्यादी ओतून मोकळा होतो आणि मग १९ गुणांची जड मोहरी हातात धरून बसतो. समोरच्याने पुढे प्याद्याची उतारीच केली नाही, घोडा-उंटानेच केली, तर घर उघडत नाही आणि हत्तींना कायमचं कुलूप. आठ घरं आणि आठ प्यादी आहेत, म्हणजे सरासरी घराला एक. पाचव्या घरापर्यंत निदान तीन प्यादी हातात असावीत.

२. हो. त्या घरावर तुम्ही टाकलेली सगळी प्यादी धरायची, मेलेली असोत वा उभी.

३. कोणाचंही. मारणारं पान टाकून झालं की घर उघडलं. पण ज्या पानाने पहिलं प्यादं मारलं ते पान हत्ती किंवा वजीर असू शकत नाही, कारण त्या क्षणी घर अजून बंदच आहे. यावरून वाद होतातच, म्हणून नियमांत स्पष्ट लिहा.

४. नाणं उडवू नका. एकाने पहिली उतारी मांडायची, म्हणजे घर आणि त्यावरचं पान दोन्ही ठरवायचं, आणि दुसऱ्याने कुठली बाजू हवी ते निवडायचं. एकाने कापायचं, दुसऱ्याने उचलायचं. मग मांडणारा आपोआप अशी उतारी शोधतो की ती कोणाकडेही गेली तरी चालेल. बहुधा छक्की आणि प्यादं.

पटावर पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, मोठ्या स्पर्धांत एकूण गुणांपैकी साधारण ५४-५५ टक्के पांढऱ्याकडे जातात, आणि म्हणून रंग आलटून-पालटून देतात. इथेही तेच करा. दोन डावांची एक बाजी, दुसऱ्या डावात मांडणं आणि निवडणं यांची अदलाबदल, दोन्ही डावांचे गुण मिळवून निकाल. सारखे आले तर बरोबरी, अर्धा-अर्धा गुण. बरोबरी मोडायला जादा नियम शोधू नका.

---

पालथं_पान

४ गुणांच्या दंडाचं पटलं. घोड्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, त्यानंतर मात म्हणजे हार असं धरणं योग्य नाही.

मांडणीबद्दल थोडं, कारण चांगला नियम वाईट मांडणीमुळे बुडतो. इस्पिक-बदाम विरुद्ध किलवर-चौकट अशी विभागणी असल्यामुळे घाईत कोणाचं पान कोणाचं ते गोंधळतं. घराचं पान मध्ये आडवं ठेवा आणि प्रत्येकाने आपली पानं आपल्या बाजूला उभी लावा. मारलेलं पान लगेच उचलून ढिगात, म्हणजे घराच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच जिवंत पान दिसतं. शक्य असेल तर मागच्या नक्षीचे दोन वेगळे कॅट वापरा, एकेकाची १६ पानं एकेका कॅटमधून. मग पालथ्या उतारीतही घोळ होत नाही.

पण पानं उचलल्यावर घर उघडं आहे का आणि कोणाची किती प्यादी पडली हे विसरायला होतं. बाहेर राहिलेल्या १२ पानांचा इथे उपयोग आहे. घर उघडलं की त्याखाली लाल राणी सरकवा. एका वेळी एकच घर लढतीत असतं, त्यामुळे एक राणी पुरते. प्याद्यांसाठी किलवरवाल्याने किलवरची छक्की-सत्ती आणि इस्पिकवाल्याने चौकटची छक्की-सत्ती समोर पालथी ठेवायची आणि प्यादं पडलं की एक उलटायची. दोन्ही उलटल्या की मर्यादा संपली. नवं घर सुरू झालं की पुन्हा पालथी.

वेळेची मर्यादा हवी असेल तर बुद्धिबळाचं घड्याळ लावा, प्रत्येकी दहा मिनिटं पुरेशी आहेत. घड्याळावरची वेळ संपली तर डाव गेला असं न करता उरलेली घरं समोरच्याला द्या, नाहीतर ३० गुणांनी पुढे असलेला माणूस एका क्षणात हरतो.

---

दश्शी

दोन पळवाटा बुजवायच्या राहिल्या होत्या.

पहिली: राजा ठेवताना "समोरच्याकडे पोचणारं पान उरलं नाही" हे कोणी तपासायचं? बंद पानांनी खेळत असाल तर ठेवणाऱ्याने "राजा" असं म्हणून पान टाकायचं आणि समोरच्याने आपली पानं पाहून मान्य करायचं किंवा पोचणारं पान दाखवायचं. पान दाखवलं तर राजा हातात परत, आणि ठेवणाऱ्याने ते घर सोडलं असं धरायचं. हा राजा उतारीचा असेल तर त्या घरावर कोणाचंच पान पडलेलं नसतं, तेव्हा घर समोरच्याला आणि उतारीही त्याची. दंड एवढाच पुरे. राजा जप्त करू नका.

दुसरी: चौथ्या-पाचव्या घरानंतर दोघांच्याही लक्षात येतं की आता उतारी ज्याच्यावर येईल तो तोट्यात. मग एखादा मुद्दाम घर हरतो. हे गैर नाही, उलट खेळाची खरी मजा यातच आहे, पण त्यासाठी "सोडलं" हा शब्द उच्चारल्यावर परत घेता येणार नाही असा नियम हवा. हात पानाकडे नेऊन समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग सोडायचं, हे चालू देऊ नका. पान घराला टेकलं की चाल झाली.

तिसरी_पट्टी, पहिले काही डाव पानं पूर्ण उघडी मांडून, बढतीशिवाय आणि पालथ्या उतारीशिवाय खेळा. पोचणारी पानं मोजायची नजर बसली की बढती घाला, पालथी उतारी सगळ्यात शेवटी. आणि घरांच्या गुणांना सुरुवातीला हात लावू नका. छक्की-नव्वीला १ ते ४ गुण देऊन पाहायचा मोह होईल, पण मग चार गुणांच्या घरासाठी कोणी घोडा धोक्यात घालत नाही, प्यादी मारून दोघेही सोडून देतात आणि हत्ती-वजीर डावभर हातातच बसून राहतात.